बिघाडवही

अण्णांनी, म्हणजे माझ्या वैद्य वडिलांनी, चांगल्या उतरलेल्या औषधाची नोंद कधीच ठेवली नाही. त्यांच्या दवाखान्यात एकच वही होती, लाल कापडी पुठ्ठ्याची, आणि तिच्यात फक्त बिघडलेले घडे असत. आम्ही मुलं तिला बिघाडवही म्हणायचो.

आमचं घर कराडचं. मागच्या खोलीत भाताच्या तुसात गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे घडे असायचे, आतून तूप माखलेले, तोंडाला कापडमाती केलेले. काढा, मध आणि धायटीची फुलं एकत्र घालून आसवं-अरिष्टं ही औषधं महिनाभर तिथे मुरत. मी आठ-नऊ वर्षांची असताना अण्णा मला घड्याला कान लावायला सांगत. आत बारीक बुडबुड चाललेली असे.

"बोलतोय का गं?"

"बोलतोय."

"मग अजून व्हायचाय. गप्प झाला की सांग."

एखादा घडा जास्त आंबून बिघडायचा. दुसरे वैद्य तो मोरीत ओतत. अण्णा तो चार दिवस उघडा ठेवत, येता-जाता हुंगत, बोटाने चाखत, आणि मग वही काढत. तिच्यात चार रकाने होते. कुठला घडा. कधी लक्षात आलं. सुरुवात कुठे झाली असावी. आणि शेवटचा: मला कधी कळायला हवं होतं. हा चौथा रकाना भरायला त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागे. कधीकधी आठवडाभर तो कोराच असायचा.

पुढे मीही वैद्य झाले. चाळीस वर्षं त्याच दवाखान्यात बसले. वही माझ्याकडे आली, पण मी तिच्यात फारसं काही लिहिलं नाही. माझे घडे बिघडत नसत असं नाही. मला बिघाड लिहायला आवडत नसे. आता सत्त्याहत्तराव्या वर्षी एका बिघाडाबद्दल लिहायला बसले आहे, आणि वहीतला रकाना त्याला पुरत नाही म्हणून हे वेगळे कागद घेतले आहेत.

*

अरुंधती माझ्या धाकट्या भावाची मुलगी. दोन हजार बेचाळीस सालच्या नोव्हेंबरात ती व्यसनमुक्ती केंद्रातून सरळ माझ्याकडे राहायला आली, तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती. ड्रोनने मोजलेल्या जमिनींचे नकाशे तयार करायचं तिचं काम घरबसल्या चालायचं. पुण्यात तसंच घरी बसून काम करता करता ती प्यायला लागली होती. स्टीलच्या फुलपात्रातून प्यायची. शेजारी बसलेल्या नवऱ्याला वाटे, पाणी पितेय. तीन वर्षं त्याला पत्ता नव्हता.

म्हणून माझ्याकडे आल्या दिवशी तिने एक गोष्ट मागितली. "आत्या, मला पाणी, ताक, सरबत, जे काय देशील ते काचेच्या पेल्यात दे. आरपार दिसू दे सगळ्यांना."

तिची मुलगी ऋजुता तेव्हा बारा वर्षांची, वडिलांकडे पुण्याला होती. निनादने, म्हणजे अरूच्या घटस्फोटित नवऱ्याने, लेखी कबूल केलं होतं: सलग दोनशे दिवस दिवा हिरवा राहिला, तर ऋजुता जूनपासून आईजवळ राहील आणि कराडच्या शाळेत जाईल.

हा दिवा म्हणजे काय ते आता सांगायला हवं. त्या वर्षी ती सोय नवीन होती. कंपनीने तिला कसलंसं इंग्रजी नाव दिलं होतं, केंद्रातली माणसं तिला जागल्या म्हणत. केंद्राचे समुपदेशक इरफान मुल्ला तो दिवा बसवायला स्वतः आले. चाळिशीचा माणूस, स्वतः नऊ वर्षांपूर्वी दारूतून सुटलेला, बोलायला मोकळा.

"काकू, हिच्या दंडात कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी पट्टी आहे," ते म्हणाले. "पेशींच्या मधून जे पाणी झिरपत असतं ना, ते ही दर पाच मिनिटांनी तपासते. दारू रक्तातून काही तासांत निघून जाते. पण यकृत तिला मोडताना एक रेणू मागे ठेवतं, आणि तो दोन-तीन दिवस रेंगाळतो. जेवून उठलेल्या माणसाची खरकटी ताटली राहावी तसा. पट्टी ती ताटली पकडते आणि दिव्याला कळवते."

"आणि दिवा पिवळा कशाला होतो?"

"पिवळा म्हणजे ओढ. नाडीची चाल, घाम, ताण आला की शरीरात जे रस सुटतात ते, या सगळ्यांचा मिळून प्रत्येकाचा एक ठसा असतो. पहिल्या महिन्यात यंत्र तो शिकून घेतं. मग 'मला प्यावंसं वाटतंय' हे हिला कळायच्या आधी पाऊण तास दिव्याला कळतं. पिवळा दिसला की हिच्याजवळ जाऊन बसायचं. गप्पा मारायच्या. उपदेश नाही करायचा, बरं का."

"आणि लाल?"

"लाल म्हणजे पोटात गेली. मग आम्हाला आणि निनादरावांना आपोआप निरोप जातो आणि मोजणी शून्यावर येते."

"चुकतं का हो हे कधी?"

"यंत्र चुकत नाही, काकू. पण यंत्राला जेवढं दिसतं तेवढंच दिसतं. पिकलेलं केळं, आंबवलेलं पीठ, यातूनही जरा जरा दारू पोटात जातेच, म्हणून एक रेषा ठेवलीय. तिच्या खाली ते बोलत नाही." मग चहाचा घोट घेऊन त्यांनी विचारलं, "घरात दारूचा थेंब नाही ना?"

"आमच्या घरात? छे!"

"आसवं, अरिष्टं?"

"ती कपाटात असतात. कुलपात." किल्ली अण्णांच्या काळापासून कपाटाशेजारच्याच खिळ्याला असते, हे मी सांगितलं नाही. तेव्हा ते सांगण्यासारखं वाटलंही नाही. अरूवर घरात लक्ष ठेवणारी सोबतीण म्हणून मी कागदावर सही केली.

*

सुरुवातीचे महिने चांगले गेले. लहानपणी सुट्टीत यायची तशी अरू पुन्हा अंगणात पाय सोडून बसायची, माझी चेष्टा करायची. फक्त एक झालं. दिवा फ्रिजवर होता आणि माझी नजर सारखी फ्रिजवर.

"आत्या, मी इथे आहे," ती एकदा पोळी लाटता लाटता म्हणाली. "जेवायचं का, हे दिव्याला काय विचारतेस?"

"मी कुठे विचारलं?"

"तोंड तिकडे करून विचारलंस. तो हिरवा आहे. मला भूक लागलीय."

आम्ही हसलो. पण ते खरं होतं. तिचा चेहरा उतरलेला असला आणि दिवा हिरवा असला, तर मी दिव्यावर विश्वास ठेवायचे.

ऋजुता रोज संध्याकाळी फोनवर फक्त एक आकडा पाठवायची. एकशे बारा. एकशे तेरा. अरू तो आकडा जेवायच्या टेबलावर मोठ्याने वाचायची.

एप्रिलमध्ये उन्हाळा तापला तशी अरू सुकायला लागली. झोप नाही, वजन उतरलेलं, नकाशावर रेघ ओढताना बोटं थरथरायची. केंद्राचे डॉक्टर म्हणाले, असं होतं, दमाने घ्या. मला वैद्याच्या डोळ्यांनी दिसत होतं की हे अश्वगंधेचं काम आहे. अण्णांच्या पद्धतीचं अश्वगंधारिष्ट माझ्या कपाटात होतं.

"दोन चमचे, जेवणानंतर," मी म्हटलं. "पंधरा दिवसांत घोरायला लागशील."

"मला अरिष्ट चालत नाही. केंद्राच्या यादीत पहिल्या पानावर आहे. खोकल्याचं औषध, चुळा भरायचं पाणी, आसव, अरिष्ट."

"दारू आणि अरिष्ट एका ओळीत लिहिणारा शहाणा मला बघायचाय एकदा."

"मुल्ला सर. बोलावू?"

"तो मुल्ला चड्डीत फिरत होता तेव्हापासून मी अरिष्टं करतेय."

"म्हणून तर तुला सांगतेय बाई. नको." तिने माझ्या हातावर हात ठेवला. "बेचाळीस दिवस राहिलेत. तेवढे मी न झोपता काढेन."

तो एकशे अठ्ठावन्नावा दिवस होता. त्या संध्याकाळी सातला मी कोकम सरबत केलं आणि त्यात दोन चमचे अश्वगंधारिष्ट घातलं. काचेच्या पेल्यात दिलं. कोकमाचा रंग असा असतो की त्यात काहीही लपतं, चवही.

मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही. अरिष्टात मद्यार्क तयार होतो हे आम्ही पहिल्या वर्षाला शिकतो. माझ्या बाटल्यांवरच्या चिठ्ठीवर 'स्वयंजनित मद्यार्क' हे शब्द चाळीस वर्षं छापलेले होते. पण मी त्याला कधी दारू मानलंच नव्हतं. बाळंतिणींना दिलं, म्हाताऱ्यांना दिलं, माझ्या आईला शेवटच्या आजारात चमच्याने पाजलं. जे आईला पाजलं ते विष कसं असेल? दोन चमचे तर होते. आणि यंत्राची ती रेषा होती ना, केळ्याची आणि पिठाची.

तिसऱ्या रात्री अरू शांत झोपली. सकाळी म्हणाली, "आत्या, काय झालं काय माहीत, पण मेल्यासारखी झोपले." मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसले. ते हसू मला आजही आठवतं आणि तोंडात कडू होतं.

आठ दिवस दिलं. आठव्या दिवशी नकाशांची घाई होती, ती फार दमलेली दिसली, म्हणून मी दोनाचे चार चमचे केले.

*

साडेआठला दिवा लाल झाला.

मी पेला विसळत होते. पाठीमागे अरूचा आवाज आला, "आत्या, हे काय?" पाठोपाठ फोन वाजला. मुल्ला सर होते. त्यांचा आवाज शांत होता, त्यांना ती सवय होती.

"अरुंधतीताई, घाबरू नका. काय झालं तेवढं सांगा. रागवायला फोन नाही केला."

"सर, मी नाही घेतली. खरंच नाही. सकाळपासून घराबाहेर पडलेले नाही. आत्या होती ना घरात! आत्या, सांग ना यांना."

माझ्या हातात तो पेला होता. मला कळलं होतं. पाण्याची धार त्याच्यातून वाहत होती आणि तळाशी कोकमाचा लाल ओघळ होता, तोही निघून गेला. मी एवढंच बोलायचं होतं की सर, मी दिलं.

मी म्हणाले, "यंत्र खोटं कशाला सांगेल, अरू?"

का म्हणाले? पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. वैद्य म्हणून लाज वाटली, हे एक. पण त्याच्या खाली दुसरं होतं. सोबतीण म्हणून सही करणाऱ्याने असं केलं, तर माणसाला त्या घरातून हलवतात, हा केंद्राचा नियम मी वाचला होता. पाच महिने माझ्या घरात पुन्हा कुणीतरी मोठ्याने हसत होतं. ते मला जाऊ द्यायचं नव्हतं. उद्या सांगू, मी ठरवलं. उद्या नीट शब्द जुळवून सांगू.

अरूने फोन ठेवला. माझ्याकडे बघितलं आणि खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी ऋजुताचा आकडा आला नाही, ऋजुताच आली, पडद्यावर. मी दाराआड उभी होते.

"आई, तू म्हणाली होतीस, काहीही झालं तरी मला खोटं सांगणार नाहीस."

"नाही सांगितलं, ऋजू."

"मग दिवा?"

अरूला उत्तर देता आलं नाही. मला देता येत होतं, आणि मी दाराआडून स्वयंपाकघरात गेले. भाजी करपत होती, असं मनाला सांगितलं. भाजी अजून टाकलीच नव्हती.

असे चार दिवस गेले. रोज तो 'उद्या' एक दिवस पुढे जात होता. पाचव्या दिवशी दुपारी मी कवळी बसवून घ्यायला दाताच्या डॉक्टरांकडे गेले. परत आले तेव्हा घर अगदी नीटनेटकं होतं. अरू दवाखान्याच्या खोलीत जमिनीवर, कपाटाला टेकून बसली होती. कपाट उघडं होतं आणि किल्ली कुलपातच. अश्वगंधारिष्टाची आधीच उघडलेली बाटली आणि तोवर बंद असलेल्या दोन, तिन्ही रिकाम्या, स्वच्छ धुऊन ओट्यावर उपड्या घातल्या होत्या. पुण्यातली तिची जुनी सवय. प्यायलेलं भांडं ती आधी धुवायची.

"दिवा बघ," ती जड जिभेने म्हणाली. "आता खरं बोलतोय."

मी तिला उचलून खाटेवर निजवलं. लिंबूपाणी दिलं, डोकं चेपलं. आणि तिचं डोकं चेपताना माझ्या मनात एकच विचार होता: हिने चव ओळखली असेल का? प्यायलेल्या माणसाला काय चव कळणार, अशी मी माझीच समजूत घालत होते.

*

केंद्राची एक पद्धत होती. माणूस घसरला की 'का प्यायलात?' असं विचारायचं नाही. नऊ-दहा दिवसांनी, तो सावरल्यावर, मागोवा घ्यायचा. यंत्राने टिपलेल्या दोन रेषा, दारूची आणि ओढीची, लांब कागदावर छापायच्या, जमिनीवर पसरायच्या, आणि शेवटच्या दिवसापासून सुरुवातीकडे, उलटं चालत जायचं. मुल्ला सर म्हणायचे, घोट हा शेवट असतो, सुरुवात कुठेतरी मागे आहे, ती सापडली की एवढा खाल्लेला मार वाया जात नाही. ते ऐकून मला अण्णांचे चार दिवस उघडे ठेवलेले घडे आठवले. आठवायला नको होते.

आमच्या ओसरीवर तो कागद पसरला तेव्हा तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेला. आम्ही तिघं त्याच्याभोवती बसलो.

मुल्ला सरांनी प्यायलेल्या दुपारवर बोट ठेवलं. "ही दारूची रेषा चढली. ठीक. पण ओढीची रेषा बघा. पहिल्या घोटानंतर ती एकदम खाली आलीय. दहा मिनिटं जवळजवळ सपाट. मग पुन्हा चढलीय, पहिल्यापेक्षा वर. असं मी कुणाचं बघितलेलं नाही. या दहा मिनिटांत काय झालं, ताई?"

"सांगते," अरू म्हणाली. "पण आधी मागे जाऊ या."

"बरं." त्यांचं बोट मागे सरकलं. लाल दिव्याचा दिवस. एकशे पासष्ट. "इथे दारू रेषेच्या वर आली. तुम्ही म्हणता, घेतली नाही." बोट आणखी मागे गेलं आणि थबकलं. चष्मा सारखा करून ते वाकले. "हे काय आहे? एकशे अठ्ठावन्नपासून रोज एक बारीक उंचवटा आहे. रेषेच्या खाली, म्हणून दिवा बोलला नाही. पण रोज आहे. आणि रोज सातच्या सुमाराला. त्याच्यामागे ओढही रोज थोडी थोडी वर सरकलीय." त्यांनी वर बघितलं. "एकशे अठ्ठावन्नाव्या दिवशी संध्याकाळी सातला या घरात काय सुरू झालं?"

अरू आपल्या नखांकडे बघत होती. तिने मान वर केली नाही. एक रिक्षा समोरून गेली. पलीकडे कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता.

"कोकम सरबत," मी म्हणाले.

आणि मग सगळं सांगितलं. दोन चमचे, आठव्या दिवशीचे चार, पेल्यातला तो ओघळ, दार, न टाकलेली भाजी. शब्द जुळवायला तेरा दिवस घेतले होते, पण एकही जुळवलेला शब्द तेव्हा आठवला नाही.

मुल्ला सरांनी कागदावरचं बोट काढून घेतलं. "काकू, तुम्ही सही केली होतीत," ते म्हणाले. मग स्वतःशीच मान हलवली. "आणि मी तुमच्या घराची पाहणी खुर्चीत बसून, चहा पीत केली. कुलूप कुठे, किल्ली कुठे, उठून बघितलं नाही."

मी अरूकडे वळले. "अरू, हे सगळं माझं आहे. तू प्यायली नाहीस, मी तुला पाजलं. निनादला मी सांगते, ऋजुताला मी सांगते. तुझी काही चूक नाही बाळा, तुझी काहीसुद्धा..."

"थांब आत्या." तिचा आवाज चढलेला नव्हता. "मला माहीत होतं."

"काय?"

"त्या दुपारी कपाट उघडलं, बाटली तोंडाला लावली आणि पहिल्या घोटाला ओळखलं. कोकमाखाली आठ दिवस जी चव येत होती ती." तिने कागदावरच्या त्या सपाट जागेवर बोट ठेवलं. "सर, ही ती दहा मिनिटं. मी बाटली हातात धरून बसले होते. पुरावा होता माझ्या हातात. तुम्हाला एक फोन केला असता तर सगळं मिटत होतं. तो एक घोट कुणी मोजला नसता. ऋजू आली असती. मी हे सगळं नीट, ओळीने विचार करून बघितलं."

"मग?" मुल्ला सरांनी हळूच विचारलं.

"मग वाटलं, बरं झालं. आता मला कुणी नाव ठेवू शकत नाही. एवढा राग आला होता, आणि तो राग इतका गोड लागला... मी दुसरा घोट घेतला. मग तिन्ही संपवल्या." ती माझ्याकडे वळली. "पहिला घोट तुझ्या नावावर लाव. लाल दिवाही लाव, आणि 'यंत्र खोटं कशाला सांगेल' हे तर लावच लाव. ते मी विसरणार नाहीये. पण दुसरा घोट माझा आहे. तो तू घेऊ नकोस."

"अगं, पण माझ्यामुळेच..."

"नाही ना! मला आजवर वाटायचं, मी दुःखात पिते. एकटी असले की पिते. कुणी विश्वास ठेवला नाही की पिते. त्या दिवशी कळलं, मी खरी ठरले तरी पिते. माझी बाजू बरोबर आहे हे कळलं की मला सगळ्यात जास्त प्यावंसं वाटतं. पाच महिन्यांत स्वतःबद्दल एवढी एकच गोष्ट मला नव्याने कळलीय. तीही तू तुझ्या अपराधात घालून घेतलीस, तर मी यातून काय घेऊन जाऊ?"

मी फक्त विचारलं, "माहीत होतं, तर इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू बोलतेस का, बघत होते," अरू म्हणाली. "रोज."

*

एकशे पासष्टावा लाल केंद्राने खोडला. त्यानंतरचा राहिला. मोजणी शून्यापासून सुरू झाली आणि जूनमध्ये ऋजुता कराडला आली नाही. अरू केंद्राच्या इस्लामपूरच्या घरात राहायला गेली, तिथे तिच्यासारख्या पाच जणी होत्या. सोबतीण म्हणून माझं नाव काढलं. निनादला फोन मी केला. त्याने ऐकून घेतलं आणि ठेवून दिला. ऋजुताला मी पत्र लिहिलं. हाताने लिहिलेलं पत्र त्या मुलीने आयुष्यात पहिल्यांदा बघितलं असेल.

केंद्राने दिवेही घराघरांतून काढून घेतले. आता तो निरोप ज्याच्या दंडात पट्टी आहे त्याच्याच मनगटावर येतो, आणि कुणाला सांगायचं ते त्याने ठरवायचं. मुल्ला सर म्हणाले, दिवा फ्रिजवर ठेवला ही आमची चूक झाली, घरातली माणसं माणसाकडे बघायची बंद झाली.

अरू गेल्यावर मी कपाटातलं सगळं काढलं आणि बिघाडवही उघडली. अण्णांचं शेवटचं पान, मग माझी दोन-तीन पानं, मग कोरं. घडा: अश्वगंधारिष्ट, कपाटातलं. कधी लक्षात आलं: पेला विसळताना. सुरुवात: सही करताना. चौथ्या रकान्यापाशी हात थांबला. मला कधी कळायला हवं होतं? अण्णांच्या साठ वर्षांच्या नोंदींत त्या रकान्यात असायचं, तिसऱ्या दिवशी, कापड सैल वाटलं तेव्हा, वास बदलला तेव्हा. मी लिहिलं, 'कळलं होतं.'

खालची ओळ मी अरूसाठी कोरी सोडली होती. दिवाळीनंतर ती एक दिवस आली, तेव्हा वही पुढे ठेवली. तिने माझी ओळ वाचली, पेन घेतलं आणि खाली आपल्या दुसऱ्या घोटाचे चारही रकाने भरले. मी वाचू लागले तर वही मिटून माझ्या हातात दिली. "मी गेल्यावर."

त्या दिवशी ऊन होतं. मी विचारलं, काय देऊ? ती म्हणाली, "कोकम सरबत."

मी दोनदा पेला घासला. काचेचाच. तिच्यासमोर बसून, तिला दिसेल असं आगळ, साखर, मीठ, जिरं घातलं आणि पेला पुढे केला. तिने तो हातात घेतला, उजेडात धरला. कोकमातून आरपार काही दिसत नाही. मग तिने तो परत माझ्याकडे सरकवला.

"आधी तू पी."

आमच्या घरात उष्टं कुणी कुणाला देत नसे. माझ्या आईने आजारपणातसुद्धा आमच्या पेल्याला तोंड लावलं नाही. मी एक घोट घेतला आणि पेला तिला दिला. तिने तो माझ्या ओठांच्या जागेवरूनच संपवला.

तेव्हापासून तसंच चाललं आहे. ती महिन्यातून एकदा येते, मी सरबत करते, पहिला घोट घेते, पेला देते. मी तिला 'आता तरी विश्वास ठेव' असं म्हटलेलं नाही आणि म्हणणार नाही.

गेल्या रविवारी ती ऋजुताला घेऊन आली. मोजणीचे दोनशे दिवस होऊन गेले आहेत, निनादने एका दिवसापुरतं पाठवलं. मुलगी उंच झाली आहे, माझ्याशी फार बोलत नाही. पत्र मिळालं होतं का, हे मी विचारलं नाही. मी दोन पेले केले. अरूच्या पेल्यातला घोट घेतला आणि तो तिला दिला. ऋजुता बघत होती.

"आत्याआजी आधी का पिते?"

अरूने पेला खाली ठेवला नाही. "आमच्याकडे तशी पद्धत आहे," ती म्हणाली.

ऋजुताने थोडा वेळ तिच्याकडे, थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. मग आपला भरलेला पेला दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढे धरला.